सव्वाआठ फूट

आषाढी एकादशीला माझी आजी पालखीच्या आधी निघायची. “मी फुडं जातो, तुमी या पालखीसंगं,” म्हणायची. कोल्हापूरच्या बायका अशाच बोलतात, जातो, येतो, करतो. बाहेरगावाहून आमच्या पेठेत आलेल्या सुनांना पहिलं वर्षभर त्याचं नवल वाटतं आणि मग त्याही तशाच बोलू लागतात. आजीच्या पायात काही नसायचं. लुगडं पोटरीपर्यंत वर खोचलेलं, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, कनवटीला थोडे पैसे आणि हातात तुळशीची डहाळी. पहाटेच्या धारा काढून, दुधाचे रतीब आईच्या हवाली करून ती बोळाच्या तोंडाशी जायची. तिथून उभ्या मारुतीच्या दिशेनं वळली की दिसेनाशी व्हायची.

ती नंदवाळला जायची. करवीर तालुक्यातलं हे गाव शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. तिथल्या देवळात विठ्ठल, रखुमाई आणि सत्यभामा अशा तिघांच्या मूर्ती आहेत. पांडुरंग दिवसभर पंढरीत उभा असतो आणि रात्री मुक्कामाला नंदवाळला येतो, अशी इकडची श्रद्धा. म्हणून ते आमचं प्रतिपंढरपूर. आजीनं आषाढीचं पंढरपूर जन्मात पाहिलं नाही. दारात दोन म्हशी होत्या. सकाळची धार आणि संध्याकाळची धार यांच्या मधे जेवढं चालणं बसतं तेवढीच तिची वारी, आणि नंदवाळ त्यात नेमकं बसायचं. पेठेतल्या कितीतरी घरांची हीच गोष्ट होती. देवानंही आपल्या भक्तांच्या धारांच्या वेळा सांभाळल्या असं आजी म्हणायची, आणि ते तिला अगदी खरं वाटायचं. मलाही वाटतं.

आता पालखीचा सोहळा मोठा झाला आहे. मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरातून दिंडी निघते, बिनखांबी गणेश मंदिरावरून आमच्या पेठेत शिरते. निवृत्ती चौकात, अर्ध्या शिवाजी पुतळ्यापाशी, पोरी ओल्या डांबरावर रांगोळी घालत असतात. भुरभूर येते आणि रांगोळी पुसते, की पुन्हा घालतात. तालमींच्या आणि मंडळांच्या दारात खिचडीची पातेली, केळी, राजगिऱ्याचे लाडू. फुटबॉलच्या मैदानावर वर्षभर एकमेकांशी इरेला पेटलेली पोरं त्या दिवशी शेजारी शेजारी उभी राहून द्रोण भरतात. पुढे उभा मारुती चौक, साने गुरुजी वसाहत, राधानगरी रस्ता आणि मग पुईखडीचा चढ. पुईखडीवर रिंगण होतं. तिथून वाशी, आणि वाशीच्या पलीकडे नंदवाळ.

हा झाला पालखीचा रस्ता. आजीची वाट वेगळी होती.

वस्ती संपून शेतं सुरू झाली की ती डांबर सोडायची. “गाड्यांच्या नादाला कोण लागतंय,” म्हणायची आणि बांधावर चढायची. मी आठ-नऊ वर्षांची झाल्यावर मला बरोबर न्यायला लागली, तेव्हा ती वाट मला पायांनी कळली. आधी उसाच्या दोन फडांमधला बांध, इतका अरुंद की पाल्यानं दोन्ही दंड ओरखडून निघायचे. मग भाताची खाचरं. तिथं बांधाची माती इतकी मऊ की पाऊल उचललं की टाचेच्या खड्ड्यात पाणी भरायचं. खाचरं संपली की मुरमाड चढ, आणि चढाच्या पायथ्याला एक करंजाचं झाड. झाडाखाली शेंदूर फासलेला म्हसोबा. आजी तिथं टेकायची. पाय मांडीवर घेऊन, पदराला लावलेल्या सेफ्टी पिनेनं टाचेतला काटा काढायची. काटा निघाला की तो डोळ्यांजवळ धरून बघायची, मग म्हसोबाच्या मागं टाकायची, दुसऱ्या कुणाच्या पायात जाऊ नये म्हणून. डहाळीचं एक पान म्हसोबापुढं ठेवून उठायची. पुढून, मागून, बाजूच्या बांधांवरून आणखी बायका यायच्या. कुणी कुणाचं नाव विचारत नसे. सगळ्या एकमेकींना माउलीच म्हणायच्या.

त्या वाटेवर शेतकऱ्यानं कधी अडवल्याचं मला आठवत नाही. उलट एकादशीच्या आधी कुणीतरी बांधावरचं गवत काढलेलं असायचं. चालणाऱ्यानं पिकात पाय टाकायचा नाही आणि शेतकऱ्यानं वाट मोडायची नाही, एवढाच करार. तो कुठं लिहिलेला नव्हता.

मागच्या वर्षी बऱ्याच काळानंतर मी ती वाट शोधली. उसाचा बांध सापडला. खाचरांच्या जागी सिमेंटचे खांब आणि तारेचं कुंपण होतं, आत मुरूम टाकून केलेले रस्ते, चुन्यानं आखलेले प्लॉट. करंजाचं झाड गेलेलं होतं. म्हसोबा मात्र होता. तो हलवायचं धाडस कुणाला झालं नसावं. तारेतून दिसत होता, एका कोपऱ्यातल्या प्लॉटच्या हद्दीवर, उन्हात. राखणदार म्हातारा भला माणूस. त्यानं मला पाणी दिलं आणि म्हणाला, “ताई, इथनं रस्ता न्हाई.”

मी त्याला म्हटलं, “रस्ता नव्हताच हो मामा. वाट होती.”

तो हसला नाही. थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “व्हय. माझी आई बी जायची.”

मी डांबरावर परत आले आणि गाड्यांच्या कडेनं पुईखडी चढले. पाय अनवाणी. रस्ता रुंद करताना कडेला टाकलेली खडी तशीच होती. काटा निघतो, खडीचं तसं नाही, ती तळव्याला ठेचत राहते. माझ्या पुढं साठी उलटलेली एक बाई चालत होती. मागून गाडीचा भोंगा वाजला की ती दचकून खडीवर उतरायची, गाडी गेली की परत डांबरावर यायची. चढ संपेपर्यंत हे चाललं. सबंध वाटेत तिच्या तोंडून अभंग निघाला नाही. तो म्हणायला लागणारा श्वास ती दचकण्यात खर्च करत होती.

मला रस्त्याबद्दल तक्रार नाही. राधानगरीकडच्या माणसाला दवाखान्यात वेळेत पोहोचायला रुंद रस्ता हवा, आणि पेठेतल्या पोरांनी घरं बांधायची तर शहर पुईखडीकडं सरकणारच. माझं म्हणणं एवढंच आहे की हे सगळं होताना चालणाऱ्याची मोजदाद कुणी केली नाही. सातबाऱ्यावर पीक लिहिलेलं असतं, विहीर लिहिलेली असते, बोजा लिहिलेला असतो. आजीच्या पायांची नोंद कुठं नव्हती. प्लॉट विकत घेणाऱ्यानं कागद बघितले, कागदावर वाट नव्हती, म्हणून त्यानं कुंपण घातलं. त्याला दोष कसा द्यायचा?

नोंद नसली की काय होतं ते नंदवाळनं स्वतः अनुभवलं आहे. गावचं गायरान भारत राखीव बटालियनच्या केंद्रासाठी द्यायचं ठरलं, तेव्हा गावकरी आणि वारकरी उभे राहिले. वारीचं गावातलं रिंगण आणि देवाची प्रदक्षिणा ज्या माळावर होते तो माळच जाणार, हे त्यांचं दुखणं होतं. 2021 साली हा वाद इतका ताणला की टाळ घेतलेले वारकरी आणि पोलीस समोरासमोर आले. पोलिसांना केंद्र हवं, त्यात गैर काही नाही; तीही आपलीच मुलं. पण सरकारदरबारी ती जमीन पडीक गायरान होती. वर्षातले काही तास तिथं हजारो माणसं गोल धावतात, त्या मातीला कपाळ लावतात, हे सांगणारा रकाना कुठल्याच तक्त्यात नव्हता. म्हणून ते सांगायला माणसांना अंगानिशी जावं लागलं.

आमच्या पेठेला हे नवीन नाही. गांधी मैदान आहे ना, तिथं पूर्वी वरुणतीर्थ होतं, मोठं तळं. ते बुजवून मैदान झालं. नाव तेवढं वरुणतीर्थ वेस म्हणून उरलं. कपिलतीर्थ बुजलं, तिथं मंडई आली. रावणेश्वराचं तळं बुजलं, तिथं शाहू स्टेडियम उभं राहिलं. मैदानं आणि मंडया गावाला लागतातच, आणि त्या मैदानांवर मीही लहानाची मोठी झाले. पण दर पावसाळ्यात गांधी मैदानावर पाणी साचतं आणि पेठेतली म्हातारी माणसं म्हणतात, वरुणतीर्थ आलं. पाणी आपली जागा विसरत नाही, ते परत येतं. चालणाऱ्या बायकांचं तसं नसतं. दोन वर्षं कुंपण आडवं आलं की तिसऱ्या वर्षी त्या फिरकत नाहीत. त्यांच्या मुली रिक्षानं नंदवाळला जातात, आणि नातींना वाट होती हेच माहीत नसतं.

माघातल्या खेट्यांना मी जाते तेव्हा हीच काळजी बरोबर असते. जोतिबा केदारला परत जायला निघाला, तेव्हा अंबाबाई अनवाणी चालत त्याच्या डोंगरावर गेली आणि त्याला राहायची गळ घातली, अशी कथा आहे. तेव्हापासून माघातल्या रविवारी कोल्हापूरची माणसं पंचगंगेवर अंघोळ करून, अनवाणी, वडणगे, निगवे, कुशिरे करत गायमुखावरून जोतिबा चढतात. देवी ज्या पायांनी गेली त्या पायांनीच जायचं, हा त्या चालण्याचा अर्थ. पायाखाली माती असेल तर तो अर्थ टिकतो. डोंगराच्या पायथ्याचा सगळा टापू आता रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या चौपदरी कामानं ढवळून निघाला आहे. गायमुखाच्या अलीकडं अजून शेतवाट आहे, अजून चढाचे दगड पायांनी गुळगुळीत झालेले आहेत. ते आहेत तोवर बोललं पाहिजे.

देवाच्या नावानं रस्ते बांधायला सरकार मागंपुढं पाहत नाही, हेही आपण बघतो आहोत. नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्ग माहूर, तुळजापूर आणि आमची अंबाबाई यांना जोडणार म्हणून आखला गेला. पहिल्या आराखड्यात 802 किलोमीटर, 12 जिल्ह्यांतून. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी त्याला कडवा विरोध केला, कारण जाणार होती ती बागायती जमीन. मी त्या शेतकऱ्यांच्या बाजूची आहे. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यानं ताशी शंभरच्या वेगानं यावं, अशी देवीची मागणी असल्याचं माझ्या आजीनं मला कधी सांगितलं नव्हतं.

पण सरकारला चालणारा दिसतच नाही, असं म्हणणंही खरं ठरणार नाही. ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 965, त्यातल्या दिवे घाट ते मोहोळ या 221 किलोमीटरच्या आणि तुकाराम महाराज पालखी मार्गातल्या पाटस ते तोंडले-बोंडले या 130 किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं भूमिपूजन 8 नोव्हेंबर 2021 ला झालं. त्या आराखड्यात वारकऱ्यांना चालायला रस्त्याच्या कडेनं वेगळी पट्टी धरली होती. चालणारा कागदावर आला की अभियंता त्याच्यासाठी जागा काढतो, हे त्यातून दिसलं. रुंदीकरणात जुनी वडाची झाडं गेली, ते दुःख वेगळंच. पट्टी दोन-तीन वर्षांत होते, वडाच्या सावलीला दोन पिढ्या लागतात. पण झाडासाठीही रस्ता वाकू शकतो. सांगली जिल्ह्यात भोसे गावाजवळ, याच रत्नागिरी–नागपूर महामार्गावर, सुमारे चारशे वर्षांच्या वडासाठी माणसं उभी राहिली आणि 2020 साली महामार्गाची आखणी बदलली.

लांब स्पेनमध्ये सांतियागोला जाणारी शेकडो मैलांची पायवाट आहे. 1993 साली युनेस्कोनं तिला जागतिक वारसा म्हटलं आणि 1996 साली तिथल्या गॅलिशिया प्रांतानं त्या वाटांच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. जपानात कुमानोच्या डोंगरातल्या यात्रेच्या वाटा 2004 मध्ये त्याच यादीत गेल्या. तिथं देवळांच्या बरोबरीनं देवळाकडं जाणारी वाटही वारसा मानली. आपण देऊळ बघतो, त्याचा जीर्णोद्धार करतो, कळस बसवतो. पोहोचण्यालाही तेवढंच पावित्र्य आहे, हे आपल्या वारीइतकं जगात कुणाला ठाऊक असेल? आणि तरी आपल्या वाटेला पाटी नाही, हद्दीचा दगड नाही.

मला युनेस्कोपर्यंत जायचं नाही. मला तलाठ्यापर्यंत जायचं आहे. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. गाव नकाशा हातात घेतला की त्यावर तुटक रेषा दिसतात. दोन तुटक रेषा शेजारी असल्या की तो गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फुटांचा. एकच तुटक रेषा असली तर ती पायवाट, आणि तिची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली आहे. सव्वाआठ फूट! कुणा साहेबानं साखळीनं मोजून माणसाच्या चालण्यासाठी जमीन राखून ठेवली होती. दोन बायका डोक्यावर तुळस घेऊन शेजारी शेजारी चालतील आणि समोरून येणाऱ्या तिसरीला अंग चोरावं लागणार नाही, एवढी जागा.

ज्या वाटेची अशी रेषा आहे ती कुंपणानं पुसता येत नाही. ती मोकळी करून मागता येते. अडचण आहे ती रेषा नसलेल्या वाटांची, आजीच्या वाटेसारख्या. शेताला जायची वाट अडवली तर शेतकऱ्याला तहसीलदाराकडं दाद मागायची सोय आहे, 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्यात. पण त्या सोयीमागं शेत धरलेलं आहे. वारकऱ्याला गट नंबर नसतो. तो वर्षातून एकदा येतो, वाळूत पाऊल उमटावं तसा येतो आणि जातो.

त्याच्यासाठीही एक दार आहे, आणि ते कुणी फारसं ठोठावत नाही म्हणून हे सगळं लिहायला बसले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966. तिच्या कलम 165 प्रमाणे गावातल्या रूढींची नोंद ठेवायची असते. खासगी जमिनीतून जाण्यायेण्याचा जो वहिवाटीचा हक्क गावानं पाळला आहे तोही त्यात लिहायचा असतो. त्या नोंदीला वाजिब-उल-अर्ज म्हणतात. नाव अरबी-फारसी आहे, पण त्यात बसणारी गोष्ट आपली आहे. ‘वहिवाट’ हा शब्द कितीदा ऐकला असेल, कोर्टात, वाटणीत, भावकीच्या भांडणात. त्यात ‘वाट’ ऐकू येते हे मला त्या राखणदार मामांशी बोलल्यावर जाणवलं. आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या त्या बांधावरून गेल्या, ही वहिवाटच आहे. ती लिहून घ्यायची राहिली, एवढंच.

लिहून घेताना शेतकऱ्याला दुखवायचं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यानं इतकी वर्षं बांध राखला, गवत काढलं. त्याची जमीन कुणी मागत नाही. वर्षातला एक दिवस, एक बांध, आणि प्लॉट पाडायची वेळ आली तर आराखड्यात त्या बांधाइतकी मोकळी पट्टी. आता कुंपणात गेलेल्या जागेतही हे होऊ शकतं. प्लॉटच्या रस्त्यांमधून एक वाट म्हसोबापर्यंत सोडायला किती जमीन लागेल? घरं बांधून राहायला येणारी माणसंही एकादशीला उपास करणारीच असतील. त्यांच्या दारावरून दिंडी गेली तर त्यांना ती नकोशी होईल असं मला वाटत नाही.

पेठेतल्या तालमींना आणि मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे. तुम्ही एकादशीला हजारो द्रोण खिचडी वाटता, चालणाऱ्याला पाणी देता, पाय चेपता. तुमच्यातल्या चार पोरांनी यंदा एक जादा काम करावं. पेठेत, साने गुरुजीत, वाशीत, नंदवाळात सत्तरीच्या पुढच्या ज्या बायका आहेत, त्यांना रिक्षात बसवून पुईखडीच्या पायथ्याला न्यावं आणि वाट कुठून होती ते त्यांनाच दाखवायला सांगावं. त्या दाखवतील. त्यांना झाडं आठवतात, विहिरी आठवतात, कुठं काटे होते ते आठवतं. त्यांचे जबाब लिहून घ्यावेत, मोबाइलवर वाट आखून ठेवावी. हे काम थांबवून चालणार नाही, कारण हा पुरावा म्हातारा होत चालला आहे. माझी आजी आता नाही. तिची वाट सांगू शकणारी आमच्या बोळात एकच म्हातारी उरली आहे, आणि तिला हल्ली नीट दिसत नाही.

मग ग्रामसभेत ठराव मांडावा. वडणगे, निगवे, कुशिऱ्याच्या माणसांनी खेट्यांच्या वाटेसाठीही हेच करावं. भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात फी भरली की गाव नकाशाची नक्कल मिळते. ती आणा, घरातल्या थोरल्या बाईपुढं पसरा आणि तिची वाट त्यावर आहे का ते बघा. नसेल तर नोंदीसाठी अर्ज द्या, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका.